एकाच प्रतीभोवती

बुलढाण्याहून आलेली बस धाडच्या स्टँडवर थांबते. आधी धूळ आत येते, मग माणसं उतरतात. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आहे. हवेत सोयाबीनचं भुसकट आहे. नाकात, शर्टाच्या कॉलरमध्ये, चष्म्याच्या काचेवर. रस्त्याकडेला पोत्यांनी भरलेली ट्रॉली उभी आहे आणि तिच्या सावलीत तीन बाया भाकर खात बसल्या आहेत. शनिवार आहे. कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपार मोकळी.

मी ज्यांच्यासोबत आलोय ते सर उतरतात. खांद्याला पिशवी. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक. उतरल्या उतरल्या ते निघत नाहीत, लिंबाच्या झाडाखाली थांबतात. भोकरदनकडून येणाऱ्या गाडीत एक मॅडम आहेत. त्या आल्या की सोबत जायचं.

धाड हे हद्दीवरचं गाव. बुलढाणा तालुक्यातलं, म्हणजे विदर्भातलं. थोडं पुढे गेलं की जालना जिल्हा लागतो, मराठवाडा सुरू होतो. 1948 पर्यंत तिकडे निजामाचं राज्य होतं. इकडचा वऱ्हाड 1853 मध्येच इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. शेतात ही रेघ कुठे दिसत नाही. तीच काळी जमीन, तेच सोयाबीन, तीच मका. कॉलेजात मात्र दिसते. इकडची कॉलेजं अमरावतीच्या विद्यापीठाची, 1983 साली सुरू झालेल्या. तिकडची छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची, ते 1958 सालचं. अभ्यासक्रम वेगळे, परीक्षेच्या तारखा वेगळ्या, परिपत्रकं वेगळी. दोन्हीकडच्या प्राध्यापकांची एरवी गाठ पडायचं कारण नाही. म्हणून महिन्यातून एकदा मिळून वाचायला जमायचं ते धाडला. दोन्हीकडच्या गाड्या इथे थांबतात.

भोकरदनची गाडी आलेली नाही. काळीपिवळीवाला “बुलढाणा, बुलढाणा” ओरडतोय आणि एकेक सीट भरतोय. रसवंतीचं चाक थांबलेलं आहे, गिऱ्हाईक आलं की घुंगरू वाजतात. एक म्हातारबा औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेत, गाडी कोणती ते दर दोन मिनिटांनी विचारतात. सर प्रत्येक वेळी सांगतात. उन्हाची तिरीप सरकते तसे सगळेच लिंबाच्या बुंध्याभोवती सरकतात.

मॅडम येतात. चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडत म्हणतात, “झेरॉक्स घ्यायची आहे सर, पाच मिनिटं.”

पाच मिनिटांत होणार नसतं. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग आहे. रांगेत बहुतेक मुलं आहेत, थोड्या मुली, दोन-तीन बाप. शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं चालू आहे. दुकानदार एकाच वेळी संगणकावर टाइप करतो, मशीनमध्ये कागद घालतो आणि फोनवर बोलतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत हे कागद. संकेतस्थळ मध्येच अडकतं. पडद्यावर गोल फिरत राहतो. रांग हलत नाही.

“ओटीपी सांग.”

“बाबांच्या मोबाइलवर गेला. बाबा वावरात हायेत.”

“मंग लाव फोन.”

फोन लागतो, उचलला जात नाही. मळणीयंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? मुलगा बाजूला होतो, पुढचा सरकतो. मागच्याने सरांना ओळखलेलं आहे. तो रांग सोडत नाही, पण वाकून नमस्कार करतो.

“अरे, आठवडाभर दिसला नाहीस.”

“सोंगणी चालू हाये ना सर. दोन एकर उक्तं घेतलं, आम्ही चौघा पोरांनी.”

त्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या आहेत. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगेचं टोक सुईसारखं असतं, सोंगताना तळहात सोलून निघतात. चिंध्या मळल्या आहेत. त्याच हातात त्याने बारावीची गुणपत्रिका धरली आहे, डाग पडू नये म्हणून दोन बोटांच्या टोकांनी. सर त्याच्या हातांकडे पाहतात. सोमवारी येशील का, असं विचारत नाहीत.

मॅडमना जी झेरॉक्स हवी आहे ती त्यांच्या वर्गाच्या हजेरीची. नावं झाकून फक्त महिने आणि हजर-गैरहजरच्या खुणा. जूनचा शेवट भरलेला, जुलै बरा, सप्टेंबरच्या मध्यापासून रकाने मोकळे होत गेलेले. कागद गरम गरम बाहेर येतो. तो पिशवीत जातो आणि आम्ही बाजाराच्या रस्त्याला लागतो.

रस्ता अरुंद, दोन्हीकडे दुकानं. बी-बियाणं, पाइप, मोबाइलची काच, कपडे, भांडी. आडतीसमोर सोयाबीनचा ढीग पडलाय. एक माणूस मूठभर दाणे उचलतो, दाताखाली एक फोडतो आणि ओल किती ते तोंडी सांगतो. शेतकरी मान हलवतो, पटलेलं नसतं. पलीकडे हिरव्या मिरचीची पोती शिवणं चालू आहे. ठसका लागतो, मॅडम पुन्हा स्कार्फ तोंडावर घेतात.

कृषी सेवा केंद्राच्या शेजारून जिना वर जातो. जिन्यात खताचा आणि फवारणीच्या औषधांचा उग्र वास आहे. वर एकच खोली, पत्र्याची. दुकानमालकाने ती महिन्यातल्या एका शनिवारी मोकळी ठेवलेली असते. सतरंजी अंथरलेली आहे. पाण्याचा जार, स्टीलचे पेले, भिंतीवर एका बियाणं कंपनीचं कॅलेंडर. पंखा फिरतो, खाली मात्र वारा पोचत नाही. चपला जिन्यातच काढायच्या. चपलांवरून कळतं कोण कोण आलंय. धुळीने भरलेले बूट दुचाकीवरून आलेल्याचे.

खुर्च्या नाहीत. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खुर्ची असली की प्राचार्यांची कोणती आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याची कोणती हे आपोआप ठरतं. इथे सगळे भिंतीला पाठ लावून बसलेत. वाणिज्यचे एक ज्येष्ठ सर गुडघेदुखीमुळे पाय लांब करून. रसायनशास्त्राचे सर मांडी घालून. मराठीचे सर, समाजशास्त्राच्या मॅडम, म्हणजे त्या हजेरीवाल्याच, एक ग्रंथपाल, खेळाचे एक सर आणि तिघं-चौघं तरुण. तरुणांपैकी कुणालाच कायम नोकरी नाही. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. सुट्टी लागली की तास नाही, तास नाही तर पैसे नाहीत. आज इथे येण्याचं भाडंही त्यांच्या खिशातलंच.

वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक बाहेर निघतं. एकच प्रत. ती सतरंजीच्या मधोमध ठेवली जाते. पुस्तकाचं नाव ‘प्रिय बाई’. मूळ इटालियन, 1967 सालचं. लिहिलं आठ मुलांनी मिळून. तस्कनीतल्या डोंगरातलं बार्बियाना नावाचं खेडं. विखुरलेली घरं, शेती करणारी, गुरं राखणारी माणसं. 1954 मध्ये लोरेन्झो मिलानी नावाचा एक धर्मगुरू तिथे आला आणि त्याने चर्चला लागून असलेल्या खोलीत शाळा सुरू केली. सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलेली मुलं तिथे येत. शाळा रविवारीही भरायची. पुढे याच मुलांनी नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं, तेच हे पुस्तक. ते छापून आलं आणि काही आठवड्यांतच मिलानी गेला. चव्वेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने.

वाचायची पाळी खेळाच्या सरांची. ते आधी संकोचतात. “मला सवय नाही मोठ्याने वाचायची.” कुणी आग्रह करत नाही, पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं जातं. ते चष्मा लावतात, घसा साफ करतात आणि सुरू करतात. पहिलं पान अडखळत जातं. दुसऱ्या पानावर आवाज बसतो.

इथली रीत अशी: एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्याला कळलं नाही किंवा ज्याला काही आठवलं, तो “थांबा” म्हणतो. वाचन थांबतं. बोलणाऱ्याने स्वतःच्या वर्गातलं बोलायचं. पुस्तकावर व्याख्यान द्यायचं नाही. हे पाळायला प्राध्यापकांना जड जातं, पन्नास मिनिटं सलग बोलायची सवय असते. वाणिज्यचे सर मध्येच उभं राहिल्यासारखं बोलू लागतात. शेजारचा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवतो. ते थांबतात, “हो, हो, वर्गातलं,” म्हणतात आणि नव्याने सुरू करतात.

ही रीत धाडच्या आसपास कुणाला नवी नाही. श्रावणात घराघरांत पोथी लागते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी कामं उरकून येऊन बसायचं. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, व्यासपीठ चालक असतो, रांगेने बसलेली माणसं एकाच ओवीवर असतात. विदर्भात ग्रामगीता अशीच वाचली जाते. आणि आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. समाजशास्त्राच्या मॅडमची आई या दिवसांत रोज संध्याकाळी विहारात जाते. “तिला वाचता येत नाही,” मॅडम सांगतात, “पण कोणता भाग कुठे येतो ते ती मला सांगते. मी एमए करताना ते पुस्तक एकटीने वाचलं होतं. तिच्याइतकं मला आठवत नाही.”

खेळाचे सर वाचतायत. बार्बियानाच्या शाळेचं वर्णन येतं. फळा नाही, बाकं नाहीत, मोठाली टेबलं. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, मुलं तिच्याभोवती गोळा होणार. त्यातलं थोडं मोठं पोर शिकवतंय हे पटकन लक्षातही यायचं नाही. सर वाचता वाचता स्वतःच थांबतात. सतरंजीवरच्या प्रतीकडे आणि भोवतीच्या माणसांकडे पाहतात. सगळ्यांना कळतं. कुणी काही बोलत नाही, ते पुढे वाचतात.

पुढे जान्नी येतो. गरिबाघरचा मुलगा, नापास होऊन शाळेबाहेर पडलेला. आणि पिएरीनो, डॉक्टरचा मुलगा, शाळेत यायच्या आधीपासूनच लिहिता-वाचता येणारा. दोघांनाही एकच परीक्षा. मुलांचा सगळा राग भाषेवर आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. ज्याच्या घरची भाषा शाळेच्या भाषेसारखी, तो हुशार ठरतो.

“थांबा,” रसायनशास्त्राचे सर म्हणतात.

ते बराच वेळ काही बोलत नाहीत. पंखा कुरकुरतो. खाली दुकानात कुणीतरी फवारणीच्या पंपाची किंमत विचारतंय, ते स्पष्ट ऐकू येतं. मग सर सांगतात. त्यांचा बीएस्सीचा वर्ग इंग्रजीत आहे. ते मराठीत समजावतात, मुलं माना हलवतात, समजलेलंही असतं. प्रयोगशाळेत विचारलं तर आपल्या बोलीत बरोबर सांगतात: रंग काहून बदलला, कधी बदलला. पेपरात तेच लिहायचं तर इंग्रजी वाक्य पाठ करतात. एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. “मी त्याला शून्य देतो,” सर म्हणतात. “त्याला रसायन येतं हे मला माहीत असतं.”

मराठीचे सर मान वर करतात. त्यांच्याकडे इंग्रजीचा प्रश्न नाही, तरी गोष्ट तीच आहे. “माझ्या वर्गात ‘करू राहिलो’ म्हणणारा पोरगा मी ‘करतो आहे’ म्हणा असं सांगितलं त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला. निबंध लिहितो. बोलत नाही.”

रसायन आणि मराठी. एकाच जिल्ह्यात, सारख्याच वयाच्या मुलांना शिकवणारी दोन माणसं. दोघांनीही हा प्रश्न आपापल्या विषयाचा मानलेला. कितीतरी वर्षं. मी असल्या बैठकांना जाऊन बसतो तो अशा क्षणासाठी. एकट्याने वाचताना पुस्तकातलं ते भाषेचं वाक्य दोघांच्याही डोळ्यांखालून जाईल, दोघंही खाली रेघ मारतील, आणि ती रेघ कपाटातच राहील.

वीज जाते. पंखा दोन-तीन फेऱ्या घेऊन थांबतो. पत्र्याची धग एकदम खाली उतरते. कुणी वही हलवून वारा घेतं, कुणी खिडकी आणखी उघडतं. “किती वेळ जाते आज?” “काल दोन तास गेली होती.” थोडा वेळ वाट पाहिली जाते. मग पेले आणि चहाची किटली घेऊन सगळे जिन्याने शेजारच्या गच्चीवर जातात. सावली फक्त पाण्याच्या टाकीची. तिच्यात सात-आठ माणसं अंग चोरून उभी राहतात.

गच्चीवरून दूरवर अजिंठ्याच्या डोंगररांगेची निळसर कड दिसते. अलीकडे शेतं. काही काळी पडलेली, सोंगून झालेली; काही अजून पिवळी. सोयाबीनच्या सुड्या घातलेल्या आहेत, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. एका शेतात मळणीयंत्र चालू आहे आणि त्याच्यावर धुळीचा ढग उभा आहे. समोरच्या धाब्यावर मक्याची कणसं वाळत घातलीत. झेरॉक्सच्या रांगेतल्या मुलाने उक्तं घेतलेलं शेत यातलंच एखादं असेल.

चहावर बोलणं प्रमोशनकडे वळतं, वळणारच. एका सरांनी गेल्या वर्षी कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल दिली आहे. सहायक प्राध्यापकाला पुढच्या स्तरावर जायचं तर नोकरीची वर्षं भरावी लागतात आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 21 दिवसांचं ओरिएंटेशन करावं लागतं. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर त्यासाठी विद्यापीठांमध्ये ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. 2015 मध्ये ती मनुष्यबळ विकास केंद्रं झाली, 2023 पासून मालवीय मिशनच्या नावाने चालतात. 2010 च्या नियमांनी तर प्रत्येक कामाला गुण ठरवून दिले होते. शोधनिबंधाला इतके, परिषदेला इतके, शिबिराला इतके. सर त्या ओरिएंटेशनला नावं ठेवत नाहीत. चांगले वक्ते ऐकायला मिळाले, देशभरातले मित्र झाले. “पण एकवीस दिवसांत आम्ही मिळून एक पुस्तक वाचलं नाही,” ते म्हणतात. “वाचा असं प्रत्येकाने सांगितलं.”

“याचे गुण कुठे धरायचे?” कुणीतरी विचारतं.

“कुठेच नाही.”

तासिका तत्त्वावरची एक तरुण मॅडम पेला खाली ठेवते. “आम्हाला तर फाईलच नाही सर. मग मी कशासाठी येते? सोमवारी वर्गात काय करायचं ते इथून कळतं, म्हणून.”

हे ती सहज बोलून जाते. माझ्या मते शिक्षकाच्या प्रशिक्षणाविषयी याहून नेमकं बोलणं मी कुठल्या शिबिरात ऐकलेलं नाही.

रसायनशास्त्राचे सर त्यांच्या पीएचडीच्या दिवसांचं सांगतात. प्रयोगशाळेत दर शनिवारी जर्नल क्लब असायचा. एकाने एक शोधनिबंध मांडायचा, बाकीच्यांनी फाडून खायचा. ही पद्धत डॉक्टरांकडून आलेली. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 1875 मध्ये विल्यम ऑस्लरने असा क्लब काढला, असं म्हणतात. परदेशी नियतकालिकं महाग, एकेकट्याला परवडायची नाहीत. चौघांनी मिळून मागवायची आणि मिळून वाचायची. “म्हणजे तिथेही प्रत एकच,” ग्रंथपाल म्हणतात आणि त्यांना ते फार आवडतं. गेली काही वर्षं त्यांच्या वाचनालयात प्राध्यापक पुस्तकं नेतात ती बहुतेक पेपर काढायच्या आठवड्यात. ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, काळजीने सांगतात.

वीज येत नाही. सगळे पुन्हा खाली येतात. दार आणि खिडकी यांच्या रेषेत वाऱ्याची एक पट्टी आहे, वाचणाऱ्याला तिथे बसवलं जातं. आता पुस्तक समाजशास्त्राच्या मॅडमच्या हातात. त्या त्यांची झेरॉक्स सतरंजीवर पसरतात. वाकून सगळे पाहतात. जुलैचे भरलेले रकाने, ऑक्टोबरचे मोकळे.

“यातल्या कितीकांना मी परीक्षेला बसू देऊ?” त्या विचारतात. “नियम पंचाहत्तर टक्क्यांचा.”

इथे मतभेद होतात, आवाज चढतात. वाणिज्यचे सर म्हणतात, नियम आहे तो आहे, आज सोंगणीला सूट दिली तर उद्या लग्नसराईला द्यावी लागेल. एक तरुण सर म्हणतात, बार्बियानाचं आपल्याला लागू होत नाही. तिथे वर्षाचे सगळे दिवस होते आणि परीक्षा घेणारा दुसरा होता. आपल्याकडे सेमिस्टर. 2024 च्या जूनपासून नवीन धोरण आलं, विषयांच्या टोपल्या आल्या, क्रेडिट आलं. दिवाळीच्या आधी एक अंतर्गत मूल्यमापन, नंतर दुसरं. शिकवायलाच दिवस उरत नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नाही. दुपारी दोन वाजता त्यांच्या वर्गातलं कुणीही शिकत नसतं, सगळे रांगेत असतात किंवा वावरात. मॅडम उत्तर देत नाहीत. पुढचं पान काढतात आणि वाचतात. गुरं राखणं, शेतीची कामं, त्यामुळे बुडणारी शाळा. साठ वर्षांपूर्वीची इटली. तरुण सर भिंतीला डोकं टेकून ऐकतात.

शेवटचा तास चिठ्ठ्यांचा. ही पद्धत त्याच पुस्तकातली. त्या आठ मुलांनी पत्र असंच रचलं होतं. सुचेल ते प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहायचं, एका कागदावर एकच मुद्दा. मग सगळे कागद टेबलावर पसरायचे. दोनदा आलेलं काढून टाकायचं. एकमेकांच्या जवळचे कागद एकत्र ठेवायचे, त्यांची प्रकरणं करायची. मग एकेक शब्द तासायचा. जो कापता येईल तो कापायचा.

ग्रंथपालांनी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूचे तुकडे करून आणलेत. प्रत्येकाला तीन. खोलीत पेनांचा आवाज तेवढा. घाम कागदावर टपकतो, शाई फुटते. प्राध्यापकांना एका ओळीत लिहायला वेळ लागतो. दहा मिनिटं होतात, पंधरा होतात. मग चिठ्ठ्या मधोमध येतात आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पेले ठेवले जातात.

एकेक वाचली जाते. प्रयोगवहीत सगळ्यांची रीडिंगं सारखीच असतात आणि मी सही करतो. मी नोट्स सांगते, मुलं उतरवून घेतात. मूळ पुस्तक मी वर्गात कधी नेलेलं नाही. मागच्या बाकावरच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, तिला जाता जाता काय वाचायला देऊ? खो-खोच्या संघातली मुलं मैदानावर डाव आखतात, वर्गात त्यांना कुणी काही विचारत नाही. पेपर तपासताना अक्षर वाईट असलं की मी दोन गुण आधीच कमी करतो. ही शेवटची चिठ्ठी कुणाची ते कुणी विचारत नाही.

रसायन आणि मराठीच्या दोन चिठ्ठ्या शेजारी येतात. दोन्हींचं म्हणणं एकच: पोराला येतं, पण आपल्याला हवं त्या भाषेत येत नाही. पद्धतीप्रमाणे यातली एक काढायची. कोणती? रसायनशास्त्राचे सर म्हणतात, माझी काढा, मराठीतलं नीट आहे. मराठीचे सर म्हणतात, नाही, तुमच्यात त्या पोराचं वाक्य आहे, रंग काहून बदलला ते. माझ्यात नुसतं मत आहे. थोडी ओढाताण होते. शेवटी मराठीची चिठ्ठी बाजूला पडते आणि रसायनाची राहते. तिच्याखाली वाणिज्यच्या सरांनी स्वतःची एक सरकवलेली दिसते. ताळेबंद मराठीत समजावला तर जमतो, शीर्षकं इंग्रजीत आली की चुकतो. तिघांचा मिळून एक ढीग झाला. दोन विद्यापीठं, तीन विषय.

“मग करायचं काय?” खेळाचे सर विचारतात. दुपारपासून त्यांनी वाचण्याखेरीज फारसं काही बोललेलं नाही.

रसायनशास्त्राचे सर सांगतात की अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत. विद्यापीठाचा पेपर नाही, पण हे आहेत. यंदाच्या प्रॅक्टिकलला ते प्रत्येकाला आधी तोंडी विचारणार, त्याच्या बोलीत. मग लिहायला लावणार. दोन्ही वेगळं नोंदवून पुढच्या वेळी घेऊन येणार. मराठीचे सर त्यांच्या वर्गात सुड्या घालण्यापासून मळणीपर्यंतच्या कामाचे शब्द मुलांकडून लिहून घेणार. वाणिज्यचे सर अजून ठरवत नाहीत. “पाहतो,” म्हणतात, पण दोघांचंही वहीत टिपून घेतात.

तासिका तत्त्वावरच्या मॅडमचं वेगळंच चाललंय. त्या उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या मोजतायत. “आपणच का लिहायचं? त्या मुलांनी तर बाईंना लिहिलं होतं. आपल्या पोरांना द्या ना या.”

यावर एकदम सगळे बोलू लागतात. नाव लिहायचं की नाही? नाव असलं तर कुणी खरं लिहिणार नाही. नसलं तर टवाळी होईल. झाली तर होऊ दे. गैरहजर आहेत त्यांच्यापर्यंत कशा पोचवायच्या? झेरॉक्सच्या दुकानात ठेवू, सगळे तिथे येतातच. खाली दुकानमालक शटर अर्धं ओढून वर हाक मारतो, शेवटची गाडी निघायला अर्धा तास आहे. समाजशास्त्राच्या मॅडम ‘प्रिय बाई’ पिशवीत घालतात, ते या महिन्यात हद्दीपलीकडे जाणार. ग्रंथपाल आणखी प्रश्नपत्रिका काढून पट्टीने त्यांचे तुकडे पाडायला बसतात. नावं नकोत, असं ठरतं. प्रश्न एकच, तो मराठीचे सर लिहितात, मग रसायनशास्त्राचे सर त्यातले दोन शब्द कापतात.

“दिवाळीच्या सुट्टीआधी झालं पाहिजे,” खेळाचे सर बुटाची नाडी बांधता बांधता सांगतात. “नंतर कापूस वेचणीला जातात पोरं.”